'अंगणवाडीत नुसती खेळतात' म्हणणाऱ्या पालकांना काय दाखवायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते कळेल. तुमच्या अंगणवाडीत तीन ते सहा वयाची २६ मुलं पटावर आहेत आणि रोज येतात जेमतेम दहा-बारा. बाकीची सकाळी गाडीत बसून तालुक्याच्या गावी इंग्लिश मीडियमच्या नर्सरीला जातात. जे पालक अजून तुमच्याकडे पाठवतात तेही म्हणतात, "तुमच्याकडं पोरं खिचडी खातात न् खेळतात. शेजारच्याचं पोरगं ए बी सी डी लिहितंय, शंभरपर्यंत म्हणतंय. तुम्ही पाटी कधी देणार?" प्रशिक्षणात तुम्हाला सांगितलंय की या वयात लिहायला लावायचं नाही. तुमच्याकडे खोली एक, मदतनीस कधी असते कधी नसते, वर मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपची नोंद. तुम्ही विचारताय, पट टिकवायचा तर पाटी-पेन्सिल सुरू करू का?

मी आधी सेविका होते, नंतर पर्यवेक्षिका झाले. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांत, फिरताना हाच प्रश्न मला गावोगावी ऐकू यायचा. थोडक्यात उत्तर असं, की पाटी जरूर द्या पण तिच्यावर अक्षरं गिरवायला लावू नका, निदान साडेचार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तरी नाही. आणि पालकांना 'वरून आदेश नाही' असं सांगून गप्प करू नका. त्या वाक्यानं आजवर एकही मूल गाडीतून परत उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

पालक अक्षरं का मागतात ते आधी बघू. त्यांना मूल शिकतंय याची खूण हवी आहे. वहीचं पानभर 'अ' ही त्यांना ओळखता येणारी एकमेव खूण आहे, कारण त्यांच्या स्वतःच्या शाळेतही तीच होती. मुलानं ऐकलेली गोष्ट क्रमानं परत सांगितली, यातही शिक्षण आहे, हे त्या आईला कुणी कधी दाखवलेलंच नाही. वही तेवढी दिसते. तेव्हा तुमच्या पुढे दोन कामं आहेत. मुलांना त्यांच्या वयाचं शिक्षण द्यायचं आणि ते पालकांच्या डोळ्यांना दिसेल असं मांडायचं. आपण पहिलं थोडंफार करतो, दुसरं जवळजवळ कधीच करत नाही.

पण त्याही आधी एक कडू गोष्ट. पालकांच्या तक्रारीत खरा भागही असतो. २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून तिच्यात सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं), पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. यातल्या पहिल्या पाचांचा हिशेब रजिस्टरात बसतो. किती वाटलं, किती टोचलं, किती वजन भरलं ते आकड्यात मांडता येतं. सहाव्या सेवेचा, म्हणजे शिक्षणाचा, हिशेब कुणी मागत नाही, म्हणून मासिक सभा, सर्वेक्षण, बीएलओची म्हणजे मतदार यादीची ड्युटी यांत तीच सगळ्यात आधी कापली जाते. अंगणवाडी कधी दहाला उघडते, कधी अकराला, कधी सभा म्हणून बंदच. मजुरीला जाणाऱ्या आईला हे परवडत नाही. गाडी मात्र रोज आठ वाजता दारात येते. नर्सरी निवडण्यामागे इंग्रजीइतकंच हेही कारण असतं, आणि ते दुरुस्त करणं काही अंशी आपल्या हातात आहे.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. सबंध दिवसातले दोन तास फक्त मुलांचे ठरवा आणि त्या दोन तासांत मोबाइल पिशवीत ठेवा. नोंदी मुलं गेल्यावर. वजनं महिन्यातल्या एका ठरावीक दिवशी, तो दिवस दारावर लिहून. सभेला जायचंच असेल तर मदतनीस तरी गोल करून बडबडगीतं घेईल एवढी तिची तयारी करून ठेवा. आणि आहार या दोन तासांच्या शेवटी ठेवा. आधी ठेवला की मुलं डबा भरून घराकडे सुटतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता लिहिण्याचं. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल द्या आणि नुसतं बघा. तो ती मुठीत धरतो, खांद्यापासून हात हलवतो, जीभ बाहेर काढतो आणि टोक मोडतो. बोटांनी पेन्सिल धरणं, म्हणजे अंगठा आणि दोन बोटांची चिमूट, बहुतेक मुलांना चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान हळूहळू जमतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेचीच, म्हणजे मऊ, असतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत एक्स-रेमध्ये त्यातली दोन-तीनच हाड म्हणून दिसतात. डॉक्टर मुलाच्या वाढीचा अंदाज घ्यायला हाता-मनगटाचा एक्स-रे काढतात तो याचसाठी. अशा हाताला रोज पानभर गिरवायला लावलं तर मूल लिहायला शिकत नाही, पेन्सिल घट्ट दाबून धरायला शिकतं. ती चुकीची पकड पुढे सहज सुटत नाही.

माझी स्वतःची एक चाचणी आहे, साधी. मुलाला आकृत्या बघून काढायला सांगायच्या. गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, अधिकची खूण चौथ्याच्या सुमारास, चौकोन साडेचार-पाचला, आणि तिरप्या रेषांचा त्रिकोण पाचच्या पुढे. ज्या मुलाला त्रिकोण नीट काढता येत नाही त्याच्याकडून 'अ' किंवा 'क' ची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. त्यात गोलाई, तिरपी, उभी, आडवी, सगळंच आहे. आपली देवनागरी या बाबतीत इंग्रजी कॅपिटल अक्षरांपेक्षा अवघड आहे, आणि नर्सरीतलं पोरगं ए बी सी डी पटकन लिहितं याचं निम्मं कारण हेच. हे पालकांना करून दाखवा. घरी त्रिकोण काढून घ्या म्हणावं. तीन वर्षांच्या मुलाची त्रेधा बघितली की आजी स्वतःच म्हणते, "असू दे, लहान आहे अजून."

दुसरी चाचणी वाचनाची. जे मूल सगळी मुळाक्षरं लिहितं त्याला मधलंच एखादं अक्षर दाखवा, समजा 'म'. बरीच मुलं 'क ख ग घ' पासून म्हणत येतात आणि 'म' पाशी थांबतात. त्याला अक्षर ओळखू आलेलं नाही, त्याचं गाणं पाठ आहे. अंकांचंही तसंच. शंभरपर्यंत म्हणणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला म्हणा, "मला सात चिंचोके दे." तो मूठभर देतो. मराठीत तर आणखी एक अडचण असते. आपण 'पस्तीस'मध्ये पाच आधी म्हणतो आणि लिहिताना तीन आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'तीस पाच' अशी वाचनपद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. तो वाद काही असो, ज्या गोष्टीला दुसरीतली मुलं अडखळतात ती चार वर्षांच्या मुलाकडून घोकून घेण्यात शहाणपण नाही. दहापर्यंत वस्तू मोजता येणं, जास्त-कमी कळणं, पाचात दोन मिळवून सांगता येणं, एवढं पक्कं झालं तर पहिलीच्या शिक्षिका तुमच्या पाया पडतील.

मग त्या दोन तासांत करायचं काय? 'आकार' अभ्यासक्रमाची पुस्तिका किंवा अलीकडच्या 'आधारशिला' अभ्यासक्रमाची साधनं तुमच्याकडे असतीलच, त्यांत उपक्रमांची कमी नाही. मी सगळे इथे उतरवत नाही. त्यातला एकच उपक्रम जरा जवळून सांगते, कारण त्यात बरंच काही एकदम साधतं आणि खर्च शून्य.

जुन्या लग्नपत्रिका गोळा करा. मागच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक मुलाचं नाव मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहा आणि कोपऱ्यात एक छोटं चित्र काढा, प्रत्येकाचं वेगळं: छत्री, बैल, पान, मासा, चूल. सकाळी सगळ्या चिठ्ठ्या चटईवर पसरायच्या. येणारं मूल आपली चिठ्ठी शोधून दोरीवर अडकवतं. झाली हजेरी. पहिले काही आठवडे ते चित्रावरून ओळखतं. मग कधीतरी तुम्ही चित्राचा कोपरा दुमडता आणि ते नावावरून ओळखतं, कुणीही न शिकवता. उरलेल्या चिठ्ठ्या सगळे मिळून मोजतात: आज चार जण नाहीत. कोण नाहीत? का नाहीत? "त्याची आई माहेरी गेली." झाल्या गप्पा सुरू. आणि एके दिवशी पाच वर्षांची एखादी पोर दोन चिठ्ठ्या हातात घेऊन येते आणि म्हणते, "बाई, माझं न् हिचं सुरुवातीचं सारखंच आहे." दोघींची नावं 'स'नं सुरू होतात. तिथे तिचं वाचन सुरू झालं. ते अक्षर तिनं कधीच गिरवलेलं नसतं.

अक्षरं इथून पुढे न्यायची. मोठ्या गटाला, म्हणजे पुढच्या जूनला पहिलीत जाणाऱ्यांना, दिवाळीनंतर नावांतली आणि रोजच्या शब्दांतली अक्षरं दाखवायला हरकत नाही. मुळाक्षरांच्या क्रमानं नाही. म, क, न, र, स आणि काना एवढं घेतलं तरी नाक, कान, मका, काका, रस, मान असे कितीतरी शब्द तयार होतात आणि मुलाला पहिल्या महिन्यातच आपण वाचतोय असं वाटतं. त्याच्या आधी मात्र कानाची तयारी हवी. शब्दाचे तुकडे करून टाळ्या वाजवणं, भा-क-री तीन टाळ्या, घर दोन. 'क'नं सुरू होणारं काय काय या खोलीत आहे ते शोधणं. शेवटी सारखा आवाज येणारे शब्द जुळवणं, अर्थ नसलेले चालतात, उलट तेच मुलांना जास्त आवडतात. यासाठी साधन लागत नाही, खिचडीची वाट बघत बसलेल्या पाच मिनिटांत होतं.

हाताची तयारी वेगळी करायला नको, ती कामात होते. माती मळणं, कागद फाडून चिकटवणं, ओल्या फडक्यानं फरशीवर मोठमोठी रेघोट्यांची चित्रं काढणं, दोऱ्यात ओवणं, मटकी-हरभरा-तूर वेगवेगळं करणं. चिमटीनं दाणा उचलणारी बोटं पुढे पेन्सिल तशीच धरतात. एक सावधगिरी: हरभरे, वाटाणे, मणी हे साडेतीन-चारच्या खालच्यांच्या हाती देऊ नका. नाकात घालतात, आणि मग तुम्ही आणि आई प्राथमिक आरोग्य केंद्रात. लहानांना बाटल्यांची मोठी झाकणं, कणसाची बुरकुंडं, नारळाच्या करवंट्या पुरतात.

हे गरीब वाटतं, पालक 'खेळणी कुठायत?' विचारतात, ते मला माहीत आहे. पण आपल्याकडे ग्रामीण बालशिक्षण उभंच मुळी अशा साधनांवर राहिलं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका या बालशिक्षणतज्ज्ञांबरोबर काम करून आलेल्या, साधनांशी खेळत शिकवायची माँटेसरीची पद्धत त्यांना पुरती ठाऊक होती. १९४५ साली त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सोबत होत्या, पुढे १९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडला गेलं. माँटेसरीची लाकडी साधनं महाग होती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं यांची साधनं झाली. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडी वस्तीच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडणारी मुलगी शाळेत येऊच शकत नाही हे दिसलं, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली गेली. त्यांच्या कामातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट ही, की कुटुंबाचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं आणि शिक्षण त्यात बसवलं. तुमच्या गावात खुरपणीला बायका साडेनऊला निघत असतील तर अंगणवाडी साडेदहाला उघडून चालणार नाही, मग आत कितीही चांगलं शिकवा.

आता दाखवण्याचं. इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण तुमचा खरा अडसर इथे आहे.

प्रत्येक मुलाची एक फाइल करा, पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्यानं बांधलेली. जूनमध्ये त्याला सांगा, "माणूस काढ." तीन-साडेतीन वर्षांचं मूल एक मोठा गोल काढतं आणि त्या गोलालाच दोन पाय चिकटवतं. तारीख टाकून ठेवून द्या. सप्टेंबरात पुन्हा, डिसेंबरात पुन्हा, मार्चमध्ये पुन्हा. हळूहळू धड येतं, हात येतात, मग बोटं, मग कपड्यांची बटणं. चार कागद शेजारी ठेवले की वेगळं काही सांगावं लागत नाही. तसंच मूल बोललेलं एखादं वाक्य त्याच्याच शब्दांत, तारखेसकट लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये 'बैल गेला', फेब्रुवारीत 'बैल गेला कारण त्याला तहान लागली होती.' आईला ते वाचून दाखवलं की ती हसते, आणि पुढच्या वेळी स्वतःहून 'वाचून दाखवा' म्हणते. ही फाइल म्हणजे पालकांना हवी असलेली वही. फक्त तिच्यात पानभर 'अ' नसतो.

महिन्याचा ईसीसीई दिवस, म्हणजे पूर्वशालेय शिक्षण पालकांना दाखवायचा दिवस, पाहुण्यांच्या भाषणात घालवू नका. पालकांना बसवा आणि मुलांना नेहमीचं काम करू द्या. एक मूल गोष्ट सांगेल, दोघं बिया वेगळ्या करतील, एक जण हजेरी घेईल. मग एका आजोबांना म्हणा, "याला सात चिंचोके मागा." मूल मोजून सात देतं तेव्हा मंडळी एकमेकांकडे बघतात. तेवढ्यानं अर्ध्या शंका मिटतात. दिवसा बायका शेतावर असतात, म्हणून मी हेच बचत गटाच्या बैठकीत किंवा संध्याकाळी देवळापुढे करायला सांगायचे. बाप लोक तिथेच भेटतात, आणि गाडीची फी तेच भरतात.

इंग्रजीवरून पालकांशी वाद घालू नका. आपल्या मुलाला ते यावं असं वाटणं चूक नाही. मोठ्या अधिकाऱ्यापासून मोबाइलपर्यंत सगळं इंग्रजीत बोलतं हे ते रोज बघतात. चार गाणी, रंग-फळांची नावं, 'ये, बस, दे' सारखी रोजची वाक्यं इंग्रजीत खुशाल घ्या. मूल ती हसत शिकतं. फक्त एवढं सांगा की ज्या भाषेत मुलाला प्रश्न विचारता येत नाही त्या भाषेत त्याला दिवसभर गप्प बसवलं तर त्याचं बोलणंच मागे पडतं. आणि हेही खरं सांगा, की 'नर्सरी म्हणजे चांगलं, अंगणवाडी म्हणजे वाईट' असं चित्र अभ्यासातूनही दिसलेलं नाही. दिल्लीचं आंबेडकर विद्यापीठ आणि मुलांच्या शिक्षणाच्या पाहण्या करणारं असर सेंटर यांनी राजस्थान, आसाम आणि आंध्र-तेलंगणातल्या हजारो मुलांचा चार वर्षांच्या वयापासून काही वर्षं पाठपुरावा केला. २०१७ मध्ये आलेल्या त्या अहवालात दिसलं ते असं, की खासगी पूर्वप्राथमिक वर्ग म्हणजे बहुतेक ठिकाणी पहिलीचाच अभ्यास खाली ओढलेला, आणि अंगणवाड्यांत आहाराव्यतिरिक्त फारसं काही नाही. वयाला साजेसं शिक्षण दोन्हीकडे दुर्मीळ. पाच वर्षांच्या मुलांची शाळेची तयारी म्हणून बेताचीच. म्हणजे अंगणवाडीनं खालच्या पट्टीवरून नुसतं वर यायचं म्हटलं तरी ती गावातली सगळ्यात चांगली जागा ठरू शकते.

वयाचाही मुद्दा पालकांसमोर ठेवा. आपल्याकडे पहिलीत ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. तरी 'एक वर्ष वाचेल' म्हणून घाई करणारे असतातच. असरच्या २०१९ च्या पाहणीत पहिलीच्याच वर्गातली वयानं मोठी मुलं जवळजवळ सगळ्याच कामांत लहानांपेक्षा पुढे दिसली. नव्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ हा पाच वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकाच धाग्यात. हे पालकांपेक्षा पहिलीच्या शिक्षकांना जास्त सांगायला हवं. पुष्कळदा पालकांच्या डोक्यात अक्षरांची भीती शाळेतूनच येते: "अंगणवाडीतून आलेल्यांना काहीच येत नाही." एकदा त्यांच्याकडे जाऊन बसा. तुमची अंगणवाडी शाळेच्या आवारात असेल तर सोपंच आहे. एप्रिल-जूनमधल्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात तुम्ही आणि पहिलीच्या शिक्षिका एकत्र उभ्या राहिलात आणि फाइली तिथे ठेवल्यात, तर शिक्षिकाच पालकांना सांगतील की मूल तयार आहे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. एका खोलीत तीनपासून सहापर्यंतची सगळी मुलं असतील तर 'वर्ग' घ्यायचा प्रयत्नच करू नका. गोल आणि गोष्ट सगळ्यांची एकत्र, मग लहान खेळाच्या कोपऱ्यात मदतनिसाजवळ आणि मोठी तुमच्याजवळ वीस-पंचवीस मिनिटं, तेवढंच. मदतनिसाचं पद रिकामं असेल तर मोठ्या गटाचा वेळ गोष्टीनंतर लगेच घ्या, तेव्हा लहान शांत असतात, आणि माता गटातल्या एखादीला आठवड्यातून दोनदा तास-दीड तास बसायला विचारा. रोज कुणी येत नाही, पण आठवड्यातून दोनदा येणाऱ्या निघतात.

घरची भाषा हा दुसरा मोठा फरक. तुमच्या गावात घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असतील तर मुलाच्या बोलण्याला 'शुद्ध बोल' म्हणून मध्येच तोडू नका, त्याचं वाक्य पुरं होऊ द्या आणि उत्तर तुमच्या मराठीत द्या. दोन्ही शब्द त्याच्या कानावर पडतात. पण मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल असेल तर प्रश्न वेगळा आहे. ती मराठीची बोली नाही, मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. तिथे पहिलं वर्ष गोष्टी, गाणी, सूचना सगळं आधी घरच्या भाषेत आणि मराठी हळूहळू शेजारी, असंच करावं लागतं. सेविकेला ती भाषा येत नसेल तर मदतनीस किंवा मोठ्या बहिणीला मध्ये घ्यावं.

आणि तुमच्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील, तर दिवाळीच्या आसपास मुलं जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. त्यांची चिठ्ठी दोरीवरून काढू नका. फाइल सोबत देता आली तर द्या, कारखान्याच्या तळावर अंगणवाडी किंवा साखरशाळा असली तर तिथल्या ताईला मूल कुठवर आलंय ते कळतं. परत आल्यावर त्यांना मोठ्या गटात एकदम बसवून बाकीच्यांशी तुलना करू नका.

तुम्ही विचारलेल्या पाटीचं सांगते. पाटी-खडू सगळ्यांना द्या. लहानांनी हवं ते रेघोटावं. मधल्यांनी गोल, फुली, चौकोन, घर, सूर्य काढावा. मोठ्यांना दिवाळीनंतर स्वतःचं नाव बघून काढायचं असेल तर काढू द्या, चुकलं तर खोडायला लावू नका. संध्याकाळी पाटी घरी जाऊ द्या. आई बघेल. तिनं विचारलं "अक्षरं कुठायत?" तर तिला त्रिकोणाची गोष्ट सांगा.

सगळं एकदम सुरू करायला जाऊ नका. या महिन्यात फक्त ठरलेले दोन तास आणि हजेरीच्या चिठ्ठ्या. पुढच्या महिन्यात फाइलीतलं पहिलं चित्र. दिवाळीच्या आधी एक ईसीसीई दिवस मी सांगितला तसा. गाडीतून जाणाऱ्या मुलांना पटावरून मनातनं वगळू नका. त्यांच्या वजनाची नोंद तुमच्याकडेच आहे, धाकट्या भावंडाचं लसीकरण तुमच्याकडेच आहे, आई टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं न्यायला तुमच्याच दारात येते. त्या दिवशी भिंतीवर बाकीच्या मुलांची चित्रं तारखांसकट लावलेली असू द्या, आणि ती आई रांगेत उभी असताना तिच्या मुलालाही एक कागद देऊन म्हणा, माणूस काढ बरं.